युद्धापूर्वीचे प्रशस्त घर घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह. या वेळच्या पत्रांमध्ये हीच नावे पुन्हा पुन्हा आली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेली, उंच छताची, रुंद गॅलऱ्यांची घरे विकत घ्यावीत का, असे वाचक विचारतात. या घरांतला मोकळेपणा आपोआप आलेला नाही. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीतून रोग पसरतो हा धडा घेऊन त्याने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, त्यामुळे तिथे इमारतींच्या भोवती जागा सुटली आणि खोल्यांना समोरासमोर खिडक्या मिळाल्या. ती हवा आणि तो उजेड आजही किंमत देण्याच्या लायकीचे आहेत. मात्र आपण नेमके काय विकत घेतो आहोत हे आधी कळले पाहिजे.

प्रश्न : हिंदू कॉलनीत दुसऱ्या मजल्यावरच्या १,४०० चौरस फुटांच्या घराची जाहिरात पाहिली. इमारत १९३५च्या सुमाराची आहे. किंमत शेजारच्या नव्या इमारतीतल्या दराच्या निम्म्याहून कमी. दलाल म्हणतो, "पागडीचे आहे, पण रीडेव्हलपमेंटला सगळी जागा परत मिळते." घ्यावे का? (डोंबिवली)

उत्तर : जाहिरातीत 'विक्री' छापले असले तरी पागडीच्या घरात मालकी विकली जात नाही. जुना भाडेकरू आपला हक्क सोडतो आणि घरमालक तुम्हाला नवा भाडेकरू म्हणून स्वीकारतो. जमीन आणि इमारत घरमालकाचीच राहते. किंमत कमी दिसते ती यामुळे, आणि बहुतेक बँका अशा घरावर गृहकर्ज देत नाहीत म्हणून खरेदीदारही कमी असतात.

पागडी बेकायदा असते हा समज आता जुना झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ने हक्क हस्तांतरणासाठी भाडेकरूने आणि संमतीसाठी घरमालकाने रक्कम घेणे वैध ठरवले. मुंबईत घरमालकाचा वाटा साधारण एकतृतीयांश असतो, पण ती रूढी आहे. कायद्यात असा कोणताही टक्का नाही. तुम्हाला सांगितलेली किंमत हा वाटा धरून आहे की सोडून, हे पहिल्याच भेटीत विचारा. व्यवहार फिसकटतात ते बहुतेक वेळा इथेच.

करार तिघांचा हवा : हक्क सोडणारा, हक्क घेणारा आणि घरमालक. कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. जुन्या भाडेकरूने दिलेले संमतीपत्र आणि तुमच्या नावाची एक पावती एवढ्यावर पैसे देऊ नका. घरमालक कोण, हे भाडेपावतीवरच्या नावावरून ठरवू नका. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा. त्यावर चार भावांची नावे असतील तर चौघांच्या सह्या लागतील. मालक एखादा धर्मादाय न्यास असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीची गरज आहे का, हे वकिलाकडून इसारा देण्यापूर्वी तपासून घ्या.

भाडेकरूचा मृत्यू झालेला असेल तर आणखी जपून. हक्क सर्वप्रथम त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, तसे कोणी नसेल तर वारसांकडे. घर विकायला आलेला मुलगा पंधरा वर्षे पुण्यात राहतो आणि सून-नातू त्याच घरात आहेत, अशा घरात पावती कोणाच्या नावाने आहे यापेक्षा तिथे कोण राहत होते याला महत्त्व येते.

आता दलालाचे वाक्य. मुंबई शहरातल्या, म्हणजे माहीम-शीवपर्यंतच्या, खासगी भाडेकरू इमारतींवर दुरुस्ती उपकर बसतो आणि त्यांचे तीन गट आहेत. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती 'अ' गटात, त्या तारखेपासून डिसेंबर १९५०पर्यंतच्या 'ब' गटात, १९५१ ते सप्टेंबर १९६९पर्यंतच्या 'क' गटात. तुमची इमारत 'अ' गटातली. अशा इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली, ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीने होतो. त्यात प्रत्येक निवासी भाडेकरूला जुन्या घराएवढे चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मिळते, पण किमान ३०० चौरस फूट आणि कमाल १२० चौरस मीटर, म्हणजे १,२९२ चौरस फूट, या मर्यादेत. त्यावरच्या जागेचा बांधकाम खर्च भाडेकरूने द्यायचा असतो. लहान खोलीवाल्याला हा नियम वाढवून देतो. मोठ्या घराच्या बाबतीत 'सगळी जागा परत' हे अर्धे सत्य आहे.

म्हणून १,४०० हा आकडा कशाचा आहे ते शोधा. तो बांधीव क्षेत्राचा असेल आणि वीस टक्के भिंती वगैरे धरून आला असेल, तर चटई क्षेत्र १,४०० भागिले १.२, म्हणजे सुमारे १,१६७ चौरस फूट. ते मर्यादेच्या आत बसते. १,४०० हे खरेच चटई क्षेत्र असेल तर १०८ चौरस फुटांचा बांधकाम खर्च तुमच्या माथी येईल. लेझर मापकाने प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा. माळा मोजू नका, आणि बंद केलेली गॅलरी वेगळ्या ओळीत लिहा. पुनर्विकासाच्या वेळी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने प्रमाणित केलेले क्षेत्र धरतात, दलालाच्या कागदावरचे नाही.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा : १३ जून १९९६. या दिवसानंतर नव्याने निर्माण केलेला भाडेकरू हक्क ३३(७)मध्ये धरला जात नाही. एका मोठ्या घराच्या दोन पावत्या करून "तुम्हाला दोन फ्लॅट मिळतील" असे कोणी सांगत असेल, तर त्या दोन पावत्या कधीपासूनच्या आहेत ते पाहा.

घेऊन कुलूप लावून ठेवण्याचा विचार असेल तर घेऊच नका. सबळ कारणाशिवाय घर सलग सहा महिने वापराविना ठेवले, तर ते घरमालकाला जागा परत मागण्याचे कारण ठरू शकते. त्याच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवला तरीही तेच. स्वतः राहायला जायचे असेल, कर्ज लागणार नसेल आणि घरमालक करारावर सही करायला तयार असेल, तरच हा व्यवहार तुमच्यासाठी आहे.

प्रश्न : इमारत खरोखर १९४०पूर्वीची आहे हे कशावरून ओळखायचे? जुना भोगवटा दाखला कोणाकडेच नाही. (ठाणे)

उत्तर : एवढ्या जुन्या इमारतीत तो मिळणे दुर्मीळच. महापालिकेच्या करनिर्धारण खात्याकडून 'इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट' मागा. इमारतीवर पहिल्यांदा कर कधी बसला, मजले किती होते, कोणत्या मजल्यावर काय वापर होता, हे त्यात नोंदलेले असते. उपकराचा गट दुरुस्ती मंडळाकडे कळतो. गच्चीवरची खोली किंवा मागचा जोडभाग निवासी वापराचा असेल, तर तो १७ एप्रिल १९६४पूर्वीचा असल्याचा पुरावा याच उताऱ्यात शोधा, कारण परवानगी नसली तरी जुनी म्हणून न पाडता राहू दिलेल्या निवासी बांधकामांसाठी महापालिका ती तारीख धरते.

प्रश्न : शिवाजी पार्कजवळ सोसायटीच्या इमारतीत, मालकीचे तीन बेडरूमचे घर पसंत पडले आहे. घर आजोबांच्या नावावर होते, ते वारले. नातवाचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे आणि शेअर सर्टिफिकेटही त्याच्या नावावर झाले आहे. त्याची एक आत्या अमेरिकेत असते. एवढ्यावर व्यवहार करता येईल का? एकूण खर्च किती धरावा? (नाशिक)

उत्तर : नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट झाले म्हणजे तो मालक झाला असे नाही. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढेच नामनिर्देशन ठरवते. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. आजोबांच्या सर्व वारसांची यादी मागा. अमेरिकेतल्या आत्यांचा हिस्सा असेल तर त्यांनी एकतर विक्रीकरारावर सही करावी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. त्या येऊ शकत नसतील तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र इथे आणून त्यावर मुद्रांक लावून घ्यावे लागते. "आत्या काही बोलणार नाही" या शब्दावर घर घेणारे पुढे दहा-दहा वर्षे दिवाणी न्यायालयात अडकतात.

सोसायटीकडून पाहायचे ते : थकबाकी नसल्याचे पत्र, जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, आणि भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा कधी संपतो. सुधार ट्रस्टच्या आखणीतले पुष्कळ भूखंड आज महापालिकेच्या भाडेपट्ट्यावर आहेत. पट्ट्याचे नूतनीकरण थकले असेल तर त्याची रक्कम उद्या सर्व सभासदांवर, म्हणजे तुमच्यावरही येईल. हस्तांतरण शुल्क म्हणून सोसायटी २५,००० रुपयांहून जास्त घेऊ शकत नाही. 'विकास निधी' किंवा 'ऐच्छिक देणगी' अशा नावाखाली जास्त मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावे.

खर्चाचा हिशेब असा. समजा करार ४ कोटींचा आहे आणि रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरतक्त्याचे, मूल्य ४ कोटी ३० लाख निघते. शुल्क मोठ्या रकमेवर. मुंबईत सध्या मुद्रांक शुल्क अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे २५ लाख ८० हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे २१ लाख ५० हजार. नोंदणी फी ३० हजार. रेकनरमध्ये इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो आणि भार भिंतींवर असलेल्या इमारतींचा तक्ता काँक्रीटच्या इमारतींपेक्षा वेगळा असतो. मूल्यांकन करणाऱ्याने नव्या इमारतीचा दर लावला नाही ना, हे स्वतः पाहा. करारावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करा.

टीडीएसचे, म्हणजे विक्रेत्याला पैसे देतानाच खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायच्या आयकराचे, मात्र दोन हिशेब होतील. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याच्या हिश्श्यावर १ टक्का. आत्या अनिवासी असल्या आणि विक्रीत त्यांचाही हिस्सा असला, तर त्यांच्या हिश्श्याला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. दीर्घकालीन भांडवली नफ्याचा १२.५ टक्के दर, वर अधिभार आणि उपकर, अशी कपात करायची असते. नफा किती हे खरेदीदाराला ठरवता येत नाही, म्हणून आत्यांनी आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढून घ्यावे. त्याला वेळ लागतो, तेव्हा इसारा देतानाच तशी अट घाला. कपात चुकली तर कर खात्याची वसुली खरेदीदाराकडून होते.

प्रश्न : मरीन ड्राइव्हच्या एका आर्ट डेको इमारतीत घर पाहिले. हॉलला नवे पीओपीचे छत आहे, पण गॅलरीच्या तुळईखाली तांबूस डाग आणि लांब सरळ तडा दिसला. विक्रेता म्हणतो, रंगाचा तडा आहे. (पुणे)

उत्तर : तुळईच्या लांबीला समांतर जाणारा तडा आणि त्यातून उतरलेला तांबूस डाग, ही दोन्ही एकत्र दिसली की आत सळई गंजली आहे असेच धरा. १९३०च्या दशकातल्या या इमारती सिमेंट काँक्रीटच्या आहेत. त्यांत साध्या, गुळगुळीत पोलादी सळया आहेत आणि त्यांच्यावरचे काँक्रीटचे आवरण पुष्कळ ठिकाणी पातळ आहे. समोर समुद्र. खारी हवा क्षार आत नेते, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कधर्म हळूहळू कमी करतो. तो गेला की सळईवरचे संरक्षण जाते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होते, आणि त्या दाबाने काँक्रीट सळईच्या रेषेत फुटते.

घर घेण्याआधी विक्रेत्याच्या परवानगीने, संरचना अभियंत्याकडून पुढच्या चाचण्या करून घ्या. फिनॉल्फ्थॅलीनची सर्वांत स्वस्त : काँक्रीटचा ताजा तुकडा पाडून त्यावर द्रावण शिंपडायचे. गुलाबी झाले तर अल्कधर्म शाबूत, रंगहीन राहिले तर गेला. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला आहे का, हे त्यात पाहायचे. दुसरी अर्धघट विभव चाचणी, म्हणजे सळईवरचा विद्युतदाब मोजण्याची. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने घेतलेले मोजमाप उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे २०० पेक्षा वर असेल तर १० टक्क्यांहून कमी. तिसरी अल्ट्रासॉनिक, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजण्याची. सेकंदाला ३.५ किलोमीटरहून जास्त वेग म्हणजे काँक्रीट चांगले, ३ च्या खाली म्हणजे शंकास्पद. समुद्रकाठी क्षारांचे प्रमाणही तपासून घ्याच. फक्त रिबाउंड हॅमरचे आकडे देऊन "इमारत मजबूत" असा अहवाल कोणी दिला तर तो बाजूला ठेवा. हॅमर केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, आणि जुने कार्बनेट झालेले काँक्रीट वरून उलट कठीणच लागते.

पीओपीच्या छताचे चौकोन तुळईच्या टोकाशी आणि न्हाणीघराच्या खालच्या बाजूला उघडायला सांगा. विक्रेत्याने नकार दिला तर तेही एक उत्तरच आहे.

हा प्रश्न एका घराचा नसून सगळ्या इमारतीचा आहे. तीस वर्षांवरील इमारतीला संरचना परीक्षण सक्तीचे आहे, त्याचा अहवाल सोसायटीकडे मागा आणि इमारत कोणत्या वर्गात आहे ते पाहा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहते ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२बी असेल तर घाबरू नका, पण प्रति चौरस फूट वर्गणी किती ठरली आणि किती जमली, हे लेखी घ्या. मोठ्या घराची वर्गणीही मोठी असते.

दुरुस्तीत एक चूक फार होते. गंजलेल्या जागेपुरते फोडून नवे मसाला-काँक्रीट भरतात. दोन-तीन वर्षांत त्या ठिगळाच्या कडेला नवा तडा येतो. कारण नव्या, अल्कधर्मी मसाल्याशेजारी उरलेल्या क्षारयुक्त काँक्रीटमधली सळई आणखी वेगाने गंजते. सळईच्या मागेपर्यंत मोकळे करून, गंज पूर्ण घासून, निरोगी लोखंड लागेपर्यंत दोन्ही बाजूंना फोडत जावे लागते. सळईची जाडी बरीच कमी झाली असेल तर जोडसळई. हे न करता वरून लेप देणारा ठेकेदार स्वस्त पडतो, आणि काम पुन्हा करावे लागते.

आणि हो, मरीन ड्राइव्हची ही रांग २०१८पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दर्शनी गॅलरी बंद करणे, खिडकीची चौकट बदलणे, बाहेरच्या गोलाईवर एसीचे यंत्र टांगणे यांना वारसा समितीची मंजुरी लागते. आधीच्या मालकाने गॅलरी परवानगीविना बंद केली असेल तर ती उघडण्याची नोटीस तुम्हाला येईल. ती उघडावीच, असे आमचे मत. त्या घराचा सगळा जीव त्या गॅलरीत आहे.

प्रश्न : माटुंग्याच्या तीन मजली जुन्या घरात हॉल आणि शेजारची खोली एक करायची आहे, आणि सगळीकडे संगमरवर बसवायचा आहे. (मुंबई)

उत्तर : आधी भिंत मोजा. दाराच्या चौकटीत टेप धरून जाडी १४ इंच निघाली आणि वरच्या-खालच्या घरातही त्याच जागी भिंत असेल, तर इमारतीचा भार त्या भिंतीवर आहे. ती पाडता येत नाही. फार तर अभियंत्याच्या आराखड्याने, महापालिकेची परवानगी घेऊन, गर्डर टाकून दारापुरते मोठे भगदाड करता येते. नऊ इंची भिंतही वरच्या मजल्यावर भारवाही असू शकते.

संगमरवर नको, आणि त्याचा हिशेब साधा आहे. वीस मिलिमीटरचा दगड चौरस मीटरला ५४ किलो, खालचा चाळीस मिलिमीटरचा मसाला ८४ किलो. मिळून सुमारे १३८. वीस चौरस मीटरच्या हॉलवर पावणेतीन टन कायमचे वजन. आजच्या मानकात माणसे आणि सामान मिळून घराच्या जमिनीला चौरस मीटरला २०० किलोचाच वापरभार धरतात. लाकडी वाशांच्या किंवा लोखंडी गर्डरांच्या जुन्या जमिनीवर हे वजन टाकू नका.

वासे असतील तर त्यांची टोके बाहेरच्या भिंतीत शिरतात तिथे आणि न्हाणीघराच्या आसपास पेचकस दाबून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर टोक कुजले आहे. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग चढवू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची थांबते आणि पापुद्रे आतून सुटतात. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा.

प्रश्न : जुन्या घरात चार एसी चालतील का? (कल्याण)

उत्तर : आधी बेस्टच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा. दीड टनाचा एक एसी सुमारे १.७ किलोवॅट धरा. चार म्हणजे ६.८, वर दोन गीझर २ किलोवॅटचे. हे १० किलोवॅटच्या पुढे जाते, तेव्हा थ्री-फेजसाठी आधी अर्ज, मग वायरिंग. लाकडी पट्टीवरची रबरी आवरणाची जुनी वायर दिसली तर ती सगळी काढा. त्यात अर्थिंग नसते आणि रबर चुरा झालेले असते. दिव्यांना १.५, प्लगना २.५, एसी-गीझरना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. भारवाही भिंतीत आडवी खाच जाडीच्या सहाव्या हिश्श्याहून खोल नको, उभी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चालते. म्हणून पाइप छताजवळून न्या आणि खाली उभे उतरवा.

प्रश्न : घरातल्या रंगीत नक्षीच्या जुन्या फरश्या ठेवाव्यात का? काही तुटल्या आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : नक्की ठेवा. आठ इंची सिमेंटच्या या फरश्या भाजलेल्या नसतात, दाबून घडवलेल्या असतात. नक्षीचा रंग वरच्या तीन-चार मिलिमीटर थरातच असतो, म्हणून खरबरीत दगडाने वारंवार पॉलिश केली तर नक्षीच जाते. या फरश्यांवर ॲसिड वापरू नका, रंग उडतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. तुटलेल्यांसाठी स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या किंवा कपाटामागच्या फरश्या अलगद काढून दर्शनी भागात बसवा, आणि झाकलेल्या जागी साध्या घाला. नव्या नक्षीच्या फरश्या याच पद्धतीने अजूनही बनतात. १९२२ साली सुरू झालेली भारत टाइल्स ही मुंबईचीच कंपनी. नमुना म्हणून एक अख्खी जुनी फरशी सोबत न्या, कारण फोटोवरून रंग कधीच जुळत नाही. जाडीही मोजून न्या. नवी फरशी दोन मिलिमीटर जाड निघाली तर खालचा चुन्याचा थर तेवढा खरवडावा लागेल.